उजवी किनार

३ मार्च, सोमवार

स्कॅनर आला. लेकीने पाठवलेलं खोकं एवढं मोठं की मला वाटलं, चुकून शिलाई मशीनच पाठवलं की काय. ते ठेवायला माझं कापायचं टेबल रिकामं करावं लागलं, म्हणजे माझा धंदा आता दीड महिना बंद. तसंही हल्ली येतं कोण? झिप बदला, बाह्या आखूड करा. या वहीत गिऱ्हाइकांची मापं लिहायचे. मागची निम्मी पानं कोरी आहेत, त्यांवर हे लिहितेय. कुणाजवळ तरी बोलायला हवं ना. ह्यांच्याबद्दल ह्यांनाच काय सांगणार!

तर हकिगत अशी. ह्यांच्याकडे दोनशे चौदा जुनी शेअर सर्टिफिकिटं आहेत. सगळ्या कंपन्या मेलेल्या. ट्राम कंपनी, साबणाचा कारखाना, मिठागर. एक तर फुग्यातून प्रवासी नेणारी कंपनी, जिचा फुगा म्हणे एकदाही जमिनीवरून उठला नाही. आज त्यांचा व्यवहारात उपयोग शून्य, पण छपाई बघावी. चारी बाजूंनी कोरीव रेषांची किनार, इतकी बारीक की जन्मभर सुई चालवून मला तशी जाळी जमली नाही. मधोमध इंजिनाचं नाहीतर जहाजाचं चित्र, खाली झोकदार सह्या, आणि कागदातच दाबून उठवलेला शिक्का. लग्न झाल्यापासून मी त्यांना रद्दी म्हणत आले आणि हे मला अरसिक म्हणत आले. संसार चांगला चालला.

आता ही रद्दी संग्रहालयाला द्यायचं ह्यांनी ठरवलंय. आपल्यामागे कुणी त्यात सामान गुंडाळू नये म्हणून. सतरा एप्रिलला गाडी येणार. त्याआधी प्रत्येकाचं असं चित्र काढून ठेवायचं की मोठ्या स्क्रीनवर रेष न् रेष दिसली पाहिजे. "कागद गेले तरी चालतील," हे म्हणाले, "पण मी असेपर्यंत मला ते रोज दिसले पाहिजेत." डावा डोळा लहानपणापासून अधू, सगळा कारभार उजव्या डोळ्यावर, तरी ऐट बघा! चित्रं मी काढायची आणि पास-नापास हे करणार. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असा ह्यांचा बाणा आहे.

५ मार्च, बुधवार

पहिले अकरा कागद. अकराही नापास.

आधी मागच्या बाजूची छपाई पुढे झिरपून दिसायला लागली. लेक फोनवर म्हणाली, "आई, कागदाच्या पाठीशी काळा कागद ठेव." ठेवला, थांबलं. मग स्कॅनरमध्ये 'सुधारणा' असं एक बटण दिसलं, ते मी भक्तिभावाने दाबलं. कागद असा पांढरा झाला की जणू काल छापला! मी खूश. हे उठून उभेच राहिले. "शंभर वर्षं उन्हापावसातून आलेला पिवळेपणा धुऊन टाकलास? हा काय शर्ट आहे?"

मी म्हटलं, शर्ट असता तर निदान इस्त्री करून परत देता आला असता. हसले नाहीत.

८ मार्च, शनिवार

किनारीवर लाटा येतात. म्हणजे खरंच येतात, मलाही दिसल्या. रेशमी कापडाची दुहेरी घडी उजेडात धरली की अंगावर पाण्यासारखं काहीतरी हलतं ना, तसं. हे म्हणाले, मशीन सदोष आहे. मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिक जाडजूड, पन्नाशीचा, बोलायला गोड. गुडघे धरत खाली बसला नि म्हणाला, "ताई, मशीन निर्दोष आहे. ह्या रेघा बारीक, आणि मशीन जे ठिपके टिपतं ते त्याहून जाड. दोघांची पावलं जुळत नाहीत, मग लाटा दिसतात. ठिपके बारीक करा." त्याने आकडा दुप्पट केला. एका चित्राला आता चारपट वेळ लागतो, पण लाटा गेल्या. मी डोळे फाडफाडून बघितलं, एकही नाही.

हे म्हणाले, "बऱ्याचशा गेल्या. थोड्या आहेत."

"साहेब, कुठे?" मेकॅनिकने विचारलं.

"उजवीकडे."

मेकॅनिकने बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा घेऊन गेला. निघताना म्हणाला, साहेब फार काटेकोर आहेत. मी म्हटलं, बाबा रे, तीस वर्षं सरकारी वजनमापं खात्यात होते. ह्यांना येताना बघितलं की दुकानदार वजनं पुसायला लागायचे.

१२ मार्च, बुधवार

आज कडाक्याचं भांडण झालं. तीन दिवस एकच टुमणं लावलंय, उजवी किनार मधे आत गेलीय. कुठलाही कागद लावा, उजवी किनार आत. शेवटी माझी स्टीलची पट्टी आणली आणि स्क्रीनवर किनारीला लावून दाखवली. केसाइतकाही फरक नाही. हे पट्टीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ही पट्टीच वाकलीय."

माझी पट्टी! जिच्यावर मी अख्ख्या गल्लीच्या विजारी कापल्या!

"मी आयुष्यभर पट्ट्या तपासल्यात," हे ओरडले, "मला पट्टी दाखवू नकोस." आणि कप ठेवायला गेले तो टेबलाच्या कडेवर. सगळा चहा खाली. रागात माणसाला भान राहत नाही हेच खरं. पुसून घेतलं आणि दुपारभर बोलले नाही.

पण मनात म्हटलं, ह्यांनी कधी चुकीचं माप दाखवलंय? एकदाही नाही. मग चूक माझ्याच नजरेची नसेल कशावरून?

१४ मार्च, शुक्रवार

जमलं! मला इतका आनंद झालाय की लिहिताना हात ओळीत राहत नाही.

चित्र सारखं करायच्या प्रोग्राममध्ये एक जाळीचं हत्यार आहे. चित्रावर चौकड्यांची जाळी पसरते, एखादा चौक माऊसने धरून ओढला की तेवढाच भाग सरकतो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गिऱ्हाईक म्हणतं काखेत टोचतंय. आरशात कितीही बेतशीर दिसो, काखेत उसवायचं. अंगात घालणार ते, मी नाही. मग इथे तरी वाद कशाला घालायचा?

ह्यांना शेजारी बसवलं. मिठागर कंपनीचं सर्टिफिकीट लावलं, ह्यांचं सगळ्यात लाडकं, आमच्या लग्नाच्या वर्षी मिळालेलं. पास करायची ह्यांची रीत ठरलेली आहे. नजर मधल्या चित्रावर रोखायची आणि मान अजिबात हलवायची नाही. म्हणतात, तराजूच्या काट्याकडे बघायचं असतं, पारडी आपोआप दिसतात. मी उजवी किनार बाहेर ओढत गेले. "अजून... अजून... जरा खालून... बस!"

आणि हे म्हणाले, "सरळ झाली गं."

आवाज असा झाला होता की मी वळून बघितलं, तर डोळे भरलेले. माझ्या पाठीवर थाप मारली. एवढ्या वर्षांत लोकांसमोर सोडा, एकांतातही कधी मारली नव्हती. म्हणाले, "तुझा हात सोन्याचा आहे." किनार मला मधे फुगलेली दिसत होती, भरल्या पोटावर शर्ट ताणतो तशी. पण ती मला थोडीच रोज बघायचीय!

१९ मार्च, बुधवार

बहात्तर झाले. आता चूक होत नाही. ह्यांना विचारायच्या आधीच ओढून ठेवते, मग एक-दोन फटके वरून. ओढ मात्र रोज वाढवावी लागतेय. चौदाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, पुरत होती, आज पाच लागली. किती ओढलं ते मी तारखेनिशी इथेच मागच्या पानावर लिहून ठेवते, गिऱ्हाइकाची कंबर लिहायचे तशी.

एक गंमत कळत नाही. साबणाच्या कारखान्याचा कागद आडवा टाकून काढला. काचेत फुगवटा असेल तर तो कागदाबरोबर फिरून दुसरीकडे जायला हवा होता. पण नाही, दोष पुन्हा उजवीकडेच. म्हणजे काच नाही, स्क्रीनच बिघडलीय. मेकॅनिकला परत फोन केला.

२१ मार्च, शुक्रवार

मेकॅनिकने स्वतःची स्क्रीन आणून जोडली. ह्यांचा तोच निकाल, उजवी किनार आत. मग मी ओढलेलं चित्र लावलं, तर हे म्हणाले, "हे ठीक आहे."

मेकॅनिकने तोंडावर हात ठेवला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं. जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, मशीन ठीक आहे. स्क्रीन ठीक आहे. तुम्ही ओढलेलं चित्र वाकडं आहे. साहेबांचा चष्मा एकदा तपासून घ्या."

मला राग आला. याचं काम मशीन बघायचं, माणसं बघायला कुणी सांगितलं? पण आत आल्यावर विषय काढलाच. हे म्हणाले, "चष्मा गेल्याच वर्षी केलाय. आता डॉक्टरकडे गेलो की अर्धा दिवस जाणार, डोळ्यांत थेंब घालणार, दोन दिवस मला काही दिसणार नाही. पास कोण करणार? सतरा तारीख होऊ दे. मग ने कुठे न्यायचं तिथे."

बरोबर आहे म्हणा. अजून सव्वाशेवर कागद उरलेत. सतरानंतर नेईन.

२५ मार्च, मंगळवार

कागद जाणार म्हणून हे आतून खचत चाललेत. दाढी करतात तर हनुवटीखाली अर्धा पट्टा तसाच. रस्त्यात समोरच्या वहिनी भेटल्या, त्या हसल्या, हे तोंडावरून सरळ पुढे. वहिनींना वाटलं असेल, काय हा तोरा! मूळ कागद समोर घेऊन बसतात, भिंग लावतात, आणि कोंबडीसारखी मान वाकडी करून बाजूने बघतात. मी विचारलं, असं काय बघताय? म्हणाले, निरोप घेतोय.

मला भडभडून आलं. मीच रद्दी म्हणायचे.

२७ मार्च, गुरुवार

लेकीला हौसेने तीन चित्रं पाठवली. पाचव्या मिनिटाला तिचा फोन.

"आई, हे काय केलंयस? सगळं पाण्यात पडल्यासारखं दिसतंय."

"तुझ्या बाबांनी पास केलंय."

ती म्हणाली, "फोन बाबांना दे." ह्यांनी तिला सांगितलं की तुझी आई फार छान काम करतेय, तू उगाच शहाणपणा करू नकोस. तिचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता, "बाबा, दाराची चौकट कशी दिसते सांगा. खरं सांगा." ह्यांनी फोन ठेवून दिला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढचा लाव."

मी लावला. का लावला?

२९ मार्च, शनिवार

एकशे एकतिसावा कागद, कापसाच्या गिरणीचा. हे म्हणाले, "मधे डाग पडलाय. करडा. काच पूस."

पुसली. "आहे अजून." कागद उचलून काच परत पुसली, स्क्रीन पुसली, वरची दिव्याची पट्टी पुसली. "आहे." दुसरा कागद लावला, त्यावरही डाग. माझं डोकं फिरलं. चौथ्यांदा पुसायला फडकं उचललं तेव्हा ह्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. काच पुसू नकोस," म्हणाले. "तुझ्या तोंडावरही आहे."

३१ मार्च, सोमवार

रविवारी दवाखाना बंद. तो एक दिवस कसा काढला, माझं मला माहीत.

डॉक्टरबाई शांत आहेत, बारीक आवाजात बोलतात. त्यांनी ह्यांच्या हातात चौकड्यांचा एक कागद दिला, मधे एक ठिपका. "ठिपक्याकडे बघा, आणि रेघा कशा दिसतात ते याच्यावरच काढून दाखवा." ह्यांनी पेन्सिल घेतली. ठिपका कुठे आहे तेच सापडेना, अंदाजाने बघत काढलं. उजवीकडच्या रेघा मधे आत दबलेल्या. मी बघितलं. जिथे रेघ आत दबली होती, अगदी तिथेच मी रोज बाहेर ओढत होते.

डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवल्यात आणि त्या पाझरतात, असं त्या म्हणाल्या. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, परवापासूनच. पाझर थांबेल अशी आशा. "पण जे गेलंय ते बहुधा परत येणार नाही. पूर्ण अंधार होणार नाही, बाजूचं दिसेल, घरात फिरता येईल. वाचणं, चेहरे, बारीक काम, हे मात्र कठीण. पहिल्या लाटा दिसल्या तेव्हाच आला असतात तर गोष्ट वेगळी असती. कधीपासून होतंय?"

मी म्हटलं, "आठ मार्च."

हे म्हणाले, "फेब्रुवारी."

मी वळून बघितलं. हे डॉक्टरबाईंच्या आवाजाच्या दिशेने बघत होते. "दाराची चौकट वाकडी दिसायला लागली होती. आणि दिव्याचा खांब."

घरात शिरल्याबरोबर बांध फुटला. का लपवलंत? माझ्यापासून? हे म्हणाले, "सांगितलं असतं तर तू स्कॅनर खोक्यात घातला असतास. आधी डोळे म्हणाली असतीस. गाडी येऊन कागद घेऊन गेली असती, आणि मी कधीच..." मग म्हणाले, "वाटलं होतं, म्हातारपणाचं असेल, काही महिने टिकेल. आणि तू ते सरळ करून दाखवलंस ना, त्या दिवशी वाटलं की निभावलं."

निभावलं! मी निभावून दिलं. माझ्या या हातांनी. आरशात वाकडं दिसत असताना गिऱ्हाइकाला बरोबर म्हटलं. मेकॅनिकने सांगितलं, पोटच्या पोरीने सांगितलं, माझ्या स्वतःच्या पट्टीने सांगितलं. मी काय ऐकलं? मी चौकडी धरून ओढत बसले.

२ एप्रिल, बुधवार

पहिलं इंजेक्शन. डोळा बधिर करतात, दुखत नाही म्हणतात, पण सुई समोरून येते ती दिसतेच की. ह्यांना तीसुद्धा करड्या डागातून आली. माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतली.

ही वही सोबत नेली होती. डॉक्टरबाईंना मागचं पान दाखवलं, तारीख आणि ओढ, तारीख आणि ओढ. दोन सूत, तीन सूत, पाच, सात. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, परत वाचलं.

"इतकी नेमकी नोंद मला कुणीच आणून दिलेली नाही," त्या म्हणाल्या. "आजार रोज किती सरकला ते यात सगळं आहे."

त्या चांगल्या मनाने बोलल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४ एप्रिल, शुक्रवार

आज कळलं की सरळ चित्र एकही शिल्लक नाही. मी ओढायचे आणि त्याच नावावर साठवायचे. कपडा उसवून परत शिवल्यावर जुना कुठे राहतो? तोच हिशोब मी इथेही धरला. एकशे एकतीस चित्रं, सगळी वाकडी.

मेकॅनिक धावत आला. एक चित्र उलटं ओढून बघितलं. किनार साधारण जागेवर आली, पण आतल्या कोरीव रेषांचा भुगा झाला. "ताई, पिळलेलं उलटं पिळून होत नाही. पुन्हाच काढा." पैसे विचारले तर हात जोडून निघून गेला.

संग्रहालयाच्या बाईंना फोन केला, तारीख पुढे ढकला म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, पण वातानुकूलित खोली त्या आठवड्यातच उघडी असते, मग कीड मारायची धुरी देऊन वर्षभर बंद. त्यांच्याकडची चित्रं निघायला दोन वर्षं तरी लागतील. मग मी ह्यांना म्हटलं, आपणच एक वर्ष थांबू या की. हे म्हणाले, "शब्द दिलाय. आणि वर्षभराने मी काय बघणार?"

"मग आता तरी काय बघणार आहात!" हे माझ्या तोंडून निघून गेलं. परत घेता येईना.

ह्यांनी राग नाही धरला. म्हणाले, "तू काढ. सरळ काढ. घरात ती सरळ आहेत एवढं मला कळलं की बास."

दोनशे चौदा. तेरा दिवस. त्यात दवाखाना.

९ एप्रिल, बुधवार

सत्त्याऐंशी. पाठ मोडून आलीय.

हे शेजारी बसतात, आता काहीच तपासत नाहीत. हातात कागद द्यायचा आणि विचारायचं, "कुठला?" मी वाचते. मग कंपनीची अख्खी कहाणी सुरू. फुगेवाल्यांनी म्हणे उद्घाटनाला बँड आणला होता, बँड वाजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फुगा जागेवरच. मी इतकी हसले की कागद तिरपा पडला, परत काढावा लागला. मग आठवलं की मी हसतेय, आणि रडू आलं. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, धूळ गेली.

१३ एप्रिल, रविवार

डॉक्टरबाई काल म्हणाल्या, पाझर थोडा कमी आहे. डाग आहे तिथेच आहे. लेक आली असती, तिची नोकरी अडली. रोज फोनवर रडते आणि मीच तिला समजावते. मला कोण समजावणार?

एकशे तीस.

१६ एप्रिल, बुधवार

एकशे एकाहत्तर. त्रेचाळीस राहिले. मोठ्या आकाराचे, दोन तुकड्यांत काढून जोडावे लागतात ते मी मागे ठेवले होते, तेच राहिले. हे सगळे पहिल्या फेरीत ओढून झालेले, म्हणजे घरात त्यांची वाकडीच चित्रं. त्यांतच मिठागर आहे. लाडकं म्हणून नीट, निवांत काढू म्हटलं होतं.

हे संध्याकाळी सहज म्हणाले, "झाले ना सगळे?"

"झाले," मी म्हटलं.

तीन वेळा तोंड उघडलं खरं सांगायला. नाही सांगितलं.

१७ एप्रिल, गुरुवार

संग्रहालयाच्या बाई पांढरे हातमोजे घालून आल्या. एकेक कागद मोजून, मधे पातळ कागद घालून खोक्यात ठेवला. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी मी करून दिली होती. बाई म्हणाल्या, "साहेब, वर्षाने खोली उघडली की कधीही या, आम्ही काढून दाखवू."

"येईन की बघायला," हे अगदी उत्साहाने म्हणाले. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि नळ सोडून रडले.

संग्रहालयाचे लोक दहा वाजता आले, बारा वाजता गेले. कपाट एवढं मोठं होतं हे आजच कळलं.

१९ एप्रिल, शनिवार

आज सकाळी हे स्वतःहून स्क्रीनसमोर येऊन बसले. खुर्ची चाचपली, बसले, हात मांडीवर ठेवले. "मिठागर लाव," म्हणाले.

लावलं. चौदा मार्चचं ते चित्र. उजवी किनार मधे फुगलेली.

हे नेहमीसारखे ताठ बसले, नजर मधोमध, मान न हलवता. कडेकडेने काहीतरी दिसत असावं, कारण चेहऱ्यावर हसू आलं. मग म्हणाले, "मला नीट कळत नाही. तूच सांग. किनार सरळ आहे ना?"

आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्याचं माप कधी डोळे मिटून मानलं नाही, ते मला विचारत होते.

"सरळ आहे," मी म्हटलं.

"नीट बघून सांगतेस ना?"

मी वाकून बघितलं. फुगवटा दोन सुतांचा होता, माझ्याच हातचा. "नीट बघून सांगतेय. सरळ आहे."

"पास," हे म्हणाले. "पुढचं लाव."

पुढचं लावलं. तेही मोठ्या आकाराचं, तेही वाकडं. ते सरळ आहे म्हणून सांगितलं. ह्यांनी मोठे कागद आधी बघायचं ठरवलंय, रोज दोन. म्हणजे असे अजून एकेचाळीस.